दोघांच्या रक्तातलं

मूल हवं असं आम्ही ठरवलं, तेव्हा मी सगळ्यात आधी चालायला लागले. नागपूरच्या टोकाला, बेसाला आमच्या सोसायटीच्या मागे नवीन लेआउट पडला होता. प्लॉट विकले गेले होते, घरं बांधायची बाकी होती, आणि तिथल्या रिकाम्या डांबरी रस्त्यांवर सकाळी कुत्री आणि चालणाऱ्या बायका एवढंच असायचं. मी भरभर चालायचे. घरी येऊन भिजवलेले बदाम आणि मोड आलेली मटकी खायचे. रविवारचे तर्री-पोहे बंद केले. किडलेली दाढ भरायला वर्षभर चालढकल करत होते, ती जाऊन भरून घेतली. नवऱ्याला तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडायला लावला. तो बुटीबोरीला सुताच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनियर आहे. तिथे सगळेच खातात म्हणून तोही खायचा. चिडचिड करत का होईना, त्याने सोडला. वजन उतरलं, कुर्ते सैल झाले, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटू लागला. शरीर म्हणजे आपण घासूनपुसून तयार ठेवायची खोली आहे असं मी धरून चालले होते. तेवढं केलं की झालं.

डॉक्टरकडे गेले तेही जवळजवळ शाबासकी घ्यायलाच. धरमपेठेत पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. पन्नाशीच्या बाई, चष्मा कपाळावर ढकललेला, बोलणं अर्धं मराठी अर्धं हिंदी. दिवस राहायच्या आधीच आले म्हणून त्या खूश झाल्या.

"अच्छा किया बेटा. बाकी बायका दिवस राहिल्यावर येतात, तोवर बाळाची पाठ तयार होऊन गेलेली असते," असं म्हणत त्यांनी फोलिक ॲसिड लिहून दिलं. साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन अशा तपासण्या सांगितल्या. लहानपणी गोवर-रुबेलाची लस झाली होती का, ते मला माहीत नव्हतं. तीही तपासणी सांगितली. आणि मग अगदी सहज विचारलं, "सिकलिंग केलंय कधी?"

"नाही. पण मला कधी काही त्रास नाही," मी म्हणाले.

"सगळ्यांचीच करते मी. आपल्या इकडे करावीच लागते."

मी मान डोलावली. मी एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. सिकलसेल हा शब्द माझ्यासाठी नवा नव्हता. आनुवंशिकतेच्या धड्यात तो येतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी, आई वाहक, वडील वाहक, खाली चार मुलं. दरवर्षी ती आकृती मी फळ्यावर काढते. एक मूल निरोगी म्हणून कोरं, दोन वाहक म्हणून अर्धी रंगवलेली, एक आजारी म्हणून पूर्ण रंगवलेलं. वर्गात पोरं विचारायची, "मॅम, चौथंच काहून रंगवता?" मी सांगायचे, "कोणतंही असू शकतं, ही फक्त शक्यता आहे." आणि पुढचा मुद्दा घ्यायचे. तो आजार माझ्या डोक्यात लांब कुठेतरी जंगलात, दवाखान्यांच्या रंगवलेल्या भिंतींवर होता. आमच्या घरात तो असेल हे मनात येण्याचं काही कारणच मला दिसलं नव्हतं.

रिपोर्ट आले तेव्हा साखर चांगली, थायरॉइड चांगलं. रुबेलाची लस घ्यावी लागणार होती आणि त्यानंतर महिनाभर थांबायचं होतं. मी मनात तारखा जुळवत होते, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"सिकलिंग पॉझिटिव्ह आहे. मोठी टेस्ट पण करून घेतली मी त्याच सॅम्पलवर. एएस. तू वाहक आहेस."

मला वाटलं, रिपोर्ट बदलला. मी खरंच तसं म्हणाले. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि नावावर बोट ठेवलं. माझंच नाव होतं.

"घाबरू नको. तुला काहीच होत नाही त्याने. पाणी भरपूर पीत जा, बस. पण आता मिस्टरांची टेस्ट केल्याशिवाय पुढे जायचं नाही."

घरी येताना मेट्रोत बसले आणि हाताकडे पाहत राहिले. रक्त काढलं होतं तिथे आता सुईची खूणही उरली नव्हती. तेहतीस वर्षांत या रक्ताने मला एकदाही काही सांगितलं नव्हतं.

नवरा शिफ्टवरून आल्यावर त्याला सांगितलं. तो हसला.

"तुले काही होते का? नाही ना? मंग झालं."

"तुझी टेस्ट करायला सांगितलीय."

"माही? मी त शाळेत कबड्डी खेळत होतो, गा!" हे 'गा' तो बायकोलाही लावतो, मित्राशी बोलल्यासारखा. "मले काय होणार आहे?"

तरी तो आला. लॅबमध्ये बाही वर करून बसला आणि रक्त काढणाऱ्या मुलीशी कापसाच्या भावाबद्दल बोलत राहिला. मला खात्री होती की त्याचं काही निघणार नाही. वाहक एकच असेल तर मुलाला आजार होत नाही, हे मी वर्गात शंभरदा सांगितलेलं आहे. मी फक्त एवढंच धरून बसले होते.

रिपोर्ट डॉक्टरबाईंनी त्यालाच वाचायला दिला. त्याने वाचला आणि माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा वाचला.

"मॅडम, हे एएस म्हणजे..."

"तुम्ही पण वाहक आहात."

समोर बसून त्यांनी कोऱ्या कागदावर काढायला सुरुवात केली. वर दोन वर्तुळं, अर्धी रंगवलेली. खाली चार. मी ती आकृती उलट्या बाजूने बघत होते आणि मला एकदम मळमळायला लागलं. त्या काय सांगतायत ते मला पाठ होतं. प्रत्येक गरोदरपणात चारात एक. पहिलं निरोगी झालं म्हणून दुसरं होईलच असं नाही, प्रत्येक वेळी नव्याने चारात एक. हे वाक्य मी स्वतः परीक्षेत विचारते. मी उठून बाहेरच्या बेसिनपाशी गेले. दवाखान्यात गरोदर बायका बसल्या होत्या. त्यांना वाटलं असेल, मलाही दिवस गेलेत. एकीने सरकून जागा करून दिली.

खाली उतरल्यावर नवऱ्याने गाडी काढली नाही. हेल्मेट हातात धरून उभा राहिला. समोरच्या दुकानात कोणीतरी संत्र्यांच्या पेट्या उतरवत होतं. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला,

"तू दुसऱ्या कोणाशी लग्न केलं असतं, त तुले हे काहीच नसतं."

"असं काय बोलतोस?"

"खरं बोलून राहिलो. तुले अन् मले वेगवेगळं काहीच नाही. एकत्र आलो म्हणून आहे."

आमचं लग्न समाजाच्या परिचय मेळाव्यात जमलेलं. पत्रिका बघण्याचा प्रश्नच नव्हता; माझ्या आजोबांनी आणि त्याच्याही आजोबांनी छप्पन्न साली इथेच दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरांनी ते सगळं मागे टाकलं. शिक्षण पाहिलं, नोकरी पाहिली, माणसं पाहिली. माझ्या वडिलांनी त्याला एकच प्रश्न विचारला होता, पुढे हिला शिकायचं असेल तर शिकू द्याल ना. रक्ताचं कोणीच विचारलं नाही. दोन्ही घरांत शिकलेली माणसं होती, आणि तरी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या घरात सगळं जागच्या जागी होतं आणि काहीच नीट चालत नव्हतं. मी चालायला जाणं बंद केलं. त्याने पुन्हा खर्रा खाल्ला, हे मला त्याच्या शर्टाच्या वासावरून कळलं आणि मी काही बोलले नाही. सासूबाई आमच्याजवळच राहतात. सासरे रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दोनदा विचारून गेल्या, "काय झालं वं? भांडले का?" मी कामाचं निमित्त सांगितलं.

पण सांगावं तर लागणारच होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, दोघांच्या घरात कोणी लहानपणी गेलंय का, कोणाला सारखी कावीळ, हातपाय दुखणं, अंगात रक्त कमी. माझ्याकडे आईला फोनवर विचारलं, तिला काही आठवलं नाही. नवऱ्याकडचं मला एकच माहीत होतं. त्याला एक मोठा भाऊ होता. दुसरी-तिसरीत असताना गेला. हॉलमध्ये बुद्धमूर्तीच्या शेजारी त्याचा फोटो आहे, तेल लावून भांग पाडलेला, शाळेच्या गणवेशातला. मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं, आणि नवऱ्याने सांगितलं होतं, "काविळीने गेला. मी लई लहान होतो, मले आठवत नाही." त्यापुढे घरात कोणी बोलत नसे. सासूबाई रोज सकाळी तो फोटो पुसतात, एवढंच मी पाहत आले होते.

एका रविवारी जेवणं झाल्यावर नवऱ्याने विषय काढला. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्याने आजाराचं नाव सांगितलं, आम्हा दोघांत काय निघालं ते सांगितलं. त्या मेथी निवडतच होत्या. मग मी त्यांना समजावायला लागले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला वाटत होतं की मी त्यांना काहीतरी चांगलं देते आहे. घरात कधीतरी कानावर आलं होतं की मुलगा गेल्यावर त्यांच्या सासूने त्यांना फार बोल लावले होते. हिनेच त्याला थंडीत माहेरी नेलं, नदीवर आंघोळ घातली, असं. म्हणून मी म्हणाले,

"आई, म्हणजे भाऊजींना जे झालं असेल ते तुमच्यामुळे नाही. थंडीमुळे नाही, आंघोळीमुळे नाही. हा आजार जन्मापासून रक्तातच असतो. अशा मुलांना मधूनमधून हातापायात फार दुखतं, हाडं दुखतात, बोटं सुजतात, कावीळ होते."

त्यांचे हात थांबले.

"हाडं दुखते?"

"हो. फार दुखतं म्हणतात."

"म्हणजे त्याचं खरंच दुखत होतं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. नवराही त्यांच्याकडे बघत राहिला.

"तो रोज सकाळी म्हणे, आई पाय दुखते. दुपारी खेळाले जाये. मंग मले वाटे, शाळेत जायचं नाही म्हणून बहाणे करून राहिला. मास्तर बी तसंच म्हणे." त्या कोणाकडेच बघत नव्हत्या. "शेवटच्या दिवशी बी म्हणाला. उठतच नव्हता. म्या मारलं त्याले. हाताले धरून शाळेपर्यंत नेलं. रस्त्याने रडत होता. दुपारी मास्तरांनी उचलून आणला, तापाने फणफणला होता. मंग मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात नेला. मंग नाही आला."

मेथीची जुडी त्यांच्या मांडीवरून खाली घसरली.

"सासू म्हणे आंघोळीने झालं. म्या मानलं नाही कधी. पण हे मले माहीत नव्हतं वं. खरंच दुखत होतं त्याचं."

नवरा उठून त्यांच्याजवळ खाली बसला. त्याने त्यांचा हात धरला, पण त्यांनी तो हळूच सोडवून घेतला आणि मेथी गोळा करायला लागल्या, एकेक काडी. मी तिथेच उभी होते. मी जे सांगितलं ते खरं होतं, त्यांचा त्यात काही दोष नाही हेही खरं होतं, आणि तरी माझ्या तोंडातून निघालेल्या चार वाक्यांनी त्यांच्या हातून तीस वर्षांपूर्वीची एक सकाळ पुन्हा घडवली होती. इतका धक्का मला माझ्या रिपोर्टनेही दिला नव्हता.

पुढे कितीतरी दिवस त्या जेमतेम बोलत. फोटो पुसायच्या, पण पुसताना थांबायच्या. मला वाटलं, आपण हे घर मोडलं. नवरा म्हणायचा, "राहू दे, तिचं तिले पाहू दे." मग एक दिवस सकाळी त्या पदर नीट करून, चपला घालून दारात उभ्या राहिल्या.

"मले घेऊन चाल त्या लॅबमधे. माहं बी पाहू दे."

"आई, आता तुमची करून काय..."

"मले पायजे."

त्यांचंही एएस निघालं. त्यांनी ते ऐकलं, मान हलवली आणि मला म्हणाल्या, "म्हणजे तुह्या सासऱ्याचं बी असंन. दोघांचं लागते ना?" मी हो म्हणाले. परत येताना ऑटोत म्हणाल्या, "ते सारखे म्हणायचे, तुह्या माहेरचं दुखणं आहे हे." आणि त्यांना हसू आलं. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून मला रडू आलं.

आमच्यापुढचे रस्ते डॉक्टरबाईंनी नीट सांगितले होते. मूल दत्तक घेता येतं. मोठ्या शहरात जाऊन शरीराबाहेर गर्भ तयार करून, तो तपासूनच आत सोडता येतो. किंवा नेहमीसारखे दिवस राहू द्यायचे आणि तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वारेचा एक बारीक तुकडा काढून बाळाचं रक्त कसं आहे ते पाहायचं. "और फिर तय करना पडता है," त्या म्हणाल्या होत्या. "ते तुम्ही ठरवायचं. मी नाही ठरवणार, आणि कोणाला ठरवू पण देऊ नका."

आम्ही दोघं त्यावर किती बोललो आणि किती वेळा मध्येच थांबलो. थांबायची जागा नेहमी तीच असायची. तपासलं आणि तसं निघालं, तर? एकदा सासूबाईंसमोरच नवरा हे बोलला. मला वाटलं त्या म्हणतील, जे नशिबात असेल ते होईल, कशाला तपासायचं. त्या वयाच्या बायका तसंच म्हणतात.

"तपासा," त्या म्हणाल्या.

"अन् निघालं त?"

"मंग तुम्ही दोघं पाहा. ठेवायचं त ठेवा, आतापासून दवा करा, म्या सांभाळीन. नाही ठेवायचं त बी मी काही म्हणणार नाही. पण माहीत असू द्या. मले माहीत नव्हतं."

मी पुन्हा चालायला लागले. लस घेतली, सांगितलं तेवढं थांबले, फोलिक ॲसिडची गोळी रोज सकाळी. पण पहिल्यासारखा अभिमान त्यात उरला नव्हता. मी शरीराची सेवा करत होते आणि त्याच वेळी त्याच्याकडे संशयाने बघत होते. नवऱ्याने खर्रा सोडला, या वेळी कोणी न सांगता.

दिवस राहायला वेळ लागला. राहिले तेव्हा घरात आम्ही तिघांनी आनंद झाल्याचं दाखवलंच नाही. शेजारीपाजारी, शाळेत, कुठेच बोललो नाही. आईलासुद्धा उशिरा सांगितलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर धडधडणारा ठिपका दिसला, तेव्हा मी मान वळवली. तपासणारी बाई म्हणाली, "बघा की, तुमचंच आहे." मला बघायचं नव्हतं. अजून नाही.

सुई पोटातून गेली तेव्हा दुखलं त्यापेक्षा भीती जास्त वाटली. त्यानंतर काही दिवस घरीच पडून राहायला सांगितलं होतं. वाट पाहण्याचे ते दिवस मला फारसे आठवतच नाहीत. सासूबाईंनी केलेली पातळ खिचडी आठवते, आणि नवरा शिफ्टवरून दर तासाला फोन करून काहीच न बोलता ठेवून द्यायचा ते आठवतं.

डॉक्टरबाईंचा फोन दुपारी आला. मी स्पीकरवर टाकला, कारण एकटीने ऐकायचं धाडस नव्हतं.

"एएस. तुमच्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या. "आजार नाही."

मी फोन तसाच धरून बसले. ज्या दोन अक्षरांनी मला बेसिनपाशी नेलं होतं, ती दोन अक्षरं ऐकून मी हुंदके देऊन रडत होते, सुटल्यासारखी. सासूबाई घाबरल्या, त्यांना वाटलं, वाईट निघालं. त्यांना समजावून सांगायला मला कितीतरी वेळ लागला.

मुलगी झाली. आता ती दीड वर्षाची आहे, तब्येतीने दणकट आणि हट्टी. आम्ही दुसऱ्या मुलाचा विषय काढत नाही. कधी काढू की नाही, मला माहीत नाही. वर्गात ती आकृती मी आताही काढते, पण खाली एक वाक्य जास्त लिहिते: लग्नाआधी दोघांनी तपासून घ्यावं. आणि पोरांना घरी जाऊन विचारायला सांगते. काही पालकांनी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, की मॅडम नववीच्या पोरांना लग्नाचं काय शिकवतात.

सासूबाई माझ्याही पुढे आहेत. मागच्या महिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू मुलीचं लग्न जमल्याचे पेढे घेऊन आल्या. मुलगा पुण्याला नोकरीला, घर चांगलं, सगळं सांगून झालं. सोबत मुलाकडच्या दोन बाया होत्या, त्याही कौतुकाने बसल्या होत्या. सासूबाईंनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं,

"रक्त पाहिलं का दोघांचं?"

काकूंचा चेहरा उतरला. मुलाकडच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "आमच्याकडं तसलं काही नाही, बाई."

"आमच्याकडं बी नव्हतं," सासूबाई म्हणाल्या आणि दुसरा पेढा माझ्या मुलीच्या हातात दिला.

काकू त्यानंतर आमच्याकडे आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की मोबाइलमध्ये बघत पुढे जातात. लग्न दिवाळीनंतर आहे. टेस्ट केली की नाही, आम्हाला कोणी सांगितलेलं नाही.